आधी कालनिर्णय, मग इन्व्हर्टर

परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, घराला इन्व्हर्टर घेऊ की जनरेटर?" मी म्हटलं, लिहून पाठवतो. दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हावं असा हा विषय नाही. ३३ वर्षं खांबावर चढलो, निवृत्तीनंतर तालुक्यातल्या कितीतरी घरांत इन्व्हर्टर बसवून दिले, बिघडलेले उतरवलेही. त्यात जे हाती लागलं ते तुला देतो. दाजींनाही वाचून दाखव, म्हणजे दुकानदारासमोर दोघांचं बोलणं एक राहील.

पहिलं काम दुकानातलं नाही, भिंतीवरचं आहे. कालनिर्णयात तू दुधाचा हिशोब मांडतेस, त्याच चौकटीत महिनाभर लाइट कधी गेली आणि कधी आली तेही मांड. किती वेळ गेली होती हे सगळेच सांगतात, कारण अंधारात बसलेला माणूस घड्याळ बघत असतो. आल्यावर किती वेळ टिकली याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि माझ्या मते खरी निवड तिथेच ठरते. शिशाची बॅटरी रिकामी झाली की भरायला १० ते १२ तास घेते. तेवढा वेळ लाइट टिकतच नसेल तर ती कधीच काठोकाठ भरत नाही. अर्धवट भरलेली उपसायची, पुन्हा अर्धवट भरायची, असं चाललं की आतल्या प्लेटांवर सल्फेटची पापडी धरते. ती घट्ट झाली की सुटत नाही.

२००५ नंतरची सात-आठ वर्षं आठव, तू शाळेत होतीस. भारनियमनात खेड्यापाड्यांत १०-१० तास अंधार असायचा, तोही तुकड्यातुकड्यांनी. त्या काळात लोकांनी उसनवारी करून इन्व्हर्टर घेतले, आणि चार-पाच वर्षं चालायची ती बॅटरी दीड वर्षात बसली. लोक बॅटरीला नावं ठेवायचे. दोष तिचा नव्हता, तिला पोटभर मिळतच नव्हतं. ज्या घरांत लाइट दिवसातून जेमतेम पाच-सहा तास होती, तिथे इन्व्हर्टर घेऊ नका असं मी तेव्हाही सांगायचो. ऐकलं थोड्यांनी.

तुमच्याकडे आता तशी स्थिती नाही. पावसाळ्यात फांदी तारेवर येते, खांबावरचा डीओ फ्यूज उडतो, वायरमन येईपर्यंत दोन-चार तास जातात, मग एक-दोन दिवस काही नाही. हे दुखणं इन्व्हर्टरने भागतं. दुसरं दुखणं वेगळ्या जातीचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आपल्या दापोली-मंडणगडातही खांब काडीसारखे मोडले. कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्याला घरगुती इन्व्हर्टर पुरत नाही. पहिल्याच रात्री तो शिट्टी मारून बंद होतो. ही दोन दुखणी एका औषधाने बरी करायला जाऊ नकोस. रोजच्यासाठी एक सोय, वादळासाठी दुसरी. आणि ती दुसरी तुझ्या एकटीच्या घरात असलीच पाहिजे असंही नाही, त्याकडे येतो मी.

आता कागद घे. लाइट गेल्यावर ज्यावाचून अडतं तेवढंच लिही. तू सांगितलंस त्यावरून तुझी यादी अशी होते: तीन पंखे, पाच दिवे, तुझा राउटर आणि लॅपटॉप, दाजींचा नेब्युलायझर. जुना पंखा ७५ वॅट खातो, तीन पंख्यांचे २२५. नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे, ते ४५. राउटरचे १०, लॅपटॉपचे ५० धर. बेरीज ३३०. नेब्युलायझर शंभर-दीडशे वॅट घेतो पण दहा-पंधरा मिनिटंच चालतो, तो या हिशोबात सहज सामावतो.

बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं आणि ती १२ व्होल्टची असते. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास. दुकानदार इथेच थांबतो, तू थांबू नकोस. ते १५० एएच २० तासांत सावकाश काढले तरच मिळतात, म्हणजे साडेसात अँपिअरने. आपली विहीर बघ ना, हळूहळू उपसली तर झरे पुरे पडतात, पंप लावून खेचली तर तासाभरात गाळ दिसतो. बॅटरीचंही तसंच आहे. शिवाय थोडं इन्व्हर्टर स्वतः खातो, थोडं तळाला ठेवायचं असतं, आणि दोन वर्षांनी बॅटरी म्हातारी होते ते वेगळंच. मी १८०० मधले ११०० धरतो. ११०० भागिले ३३०, म्हणजे सव्वातीन तास.

दुकानदार म्हणेल, ताई, दोन बॅटऱ्या घ्या. तू आधी पंखे बदल. बीएलडीसी म्हणतात ते पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. तीन पंख्यांचे ९० झाले की एकूण बेरीज १९५ वर येते आणि तीच बॅटरी साडेपाच तास चालते. दुसरी बॅटरी फक्त लाइट गेल्यावर उपयोगी पडते आणि चार-पाच वर्षांनी भंगारात जाते. पंखा रोज बिल वाचवतो. हा सल्ला मी ज्यांना दिला त्यांतल्या एकानेही पुन्हा दुसऱ्या बॅटरीचं नाव काढलं नाही.

यादीत नसलेल्या गोष्टी इन्व्हर्टरच्या लाइनवर येता कामा नयेत. गिझर, इस्त्री, मिक्सर यांना साधा बोर्ड. फ्रिज चालू असताना शंभर-दीडशे वॅटच घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. दार उघडलं नाही तर आतला थंडावा चार तास टिकतो, तेव्हा त्याला राहू दे. पंपाचा तर विचारच नको. विहिरीवरचा १ एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो, सुरू होताना पाच-सहा पट. त्याची बॅटरी तुझ्या छपरावर आहे, ती म्हणजे पाण्याची टाकी. ५०० लिटरची आहे ती काढून १००० ची बसव आणि आभाळ भरून आलं की आधी टाकी भर.

इन्व्हर्टरवर ९०० लिहिलेलं असेल तर ते व्हीए असतात, वॅट नव्हेत. वॅट त्याहून कमी, साधारण पाचात चार. डब्याच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात तेच वाचायचे. तुझ्या १९५ ला ९०० व्हीएचा भरपूर झाला. साइन वेव्हचाच घे. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त पडतो, पण पंखे रात्रभर घुमतात आणि मोटरवाली यंत्रं तापतात. दाजींचा नेब्युलायझर त्याच्यावर चालवायचा आहे, तिथे हजार-दोन हजारांकडे बघू नकोस.

यंत्राच्या मागे एक छोटा खटका असतो, नाव कंपनीगणिक वेगळं, पण काम एकच. एका बाजूला केला की व्होल्टेज १८० च्या खाली आलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. दुसऱ्या बाजूला केला की १०० पर्यंत उतरलं तरी लाइटवरच थांबतो. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडतं. खटका पहिल्या बाजूला राहिला तर लाइट असूनही बॅटरी खर्च होत राहील आणि तुला कळणारही नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, तेव्हा तू दुसरीच बाजू धर.

बॅटरी घेताना उंच ट्यूब्युलर घे. पन्नास-साठ किलोचं वजन असतं. दोन माणसं लागतात, दाजींना हात लावू देऊ नकोस. आधी तिची तारीख विचार. दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि तीच पापडी आत धरायला लागते. बिल लिहिण्याआधी ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर मागव. बॅटरीच्या सहाही घरांत आकडा १२४० च्या आसपास यायला हवा. पाच घरं १२४० आणि एक ११८० दाखवत असेल तर ती बॅटरी नको. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान आहे. वॉरंटी ६० महिने म्हणाला की विचार, पूर्ण बदलून किती महिने आणि प्रो-राटा किती. प्रो-राटा म्हणजे नवी घेताना काही टक्के सूट, फुकट बॅटरी नव्हे. माळ्यावर ती जुनी बॅटरी पडलीय ना, ती भंगारवाल्याला देऊ नकोस. तिच्यातल्या शिशाला किंमत आहे, दुकानदार नव्या बिलातून ती वळती करतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. भंगारवाला ॲसिड ओढ्यात ओततो आणि त्या ओढ्याचं पाणी आपल्याच आगरात येतं.

लिथियमबद्दलही विचारशील. महाग आहे, पण चांगली आहे. लवकर भरते, अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही, पाणी घालावं लागत नाही, आयुष्य दुपटीहून जास्त. जिथे लाइट थोडाच वेळ टिकते तिथे मी आज तीच घ्यायला सांगेन. मात्र तिला भरण्याची पद्धत वेगळी असते. शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेल्या जुन्या इन्व्हर्टरला लिथियम जोडून देतो म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. तुझ्या कालनिर्णयात दोन-चार तासांच्याच नोंदी निघाल्या तर ट्यूब्युलरवर भागेल.

जागा पडवीतली, पश्चिमेचं ऊन आणि पाऊस दोन्ही लागणार नाही अशा कोपऱ्यातली. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तो ठिणगी लागली की पेट घेतो. म्हणून बंद कपाटात नको, जिन्याखाली नको, आणि देवघराजवळ तर मुळीच नको. तिथे समई असते. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आपल्या विहिरीचं पाणी कितीही गोड असो, त्यातले क्षार प्लेटा खातात. पाणी दर दोन महिन्यांनी बघ, बॅटरी भरलेली असताना घाल, आणि दर्शकाच्या खुणेवर थांब. काठोकाठ भरलं तर ॲसिड उतू जाऊन टर्मिनल खातं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली की यंत्र बंद करून गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पुसून काढ, कोरडं कर आणि वर व्हॅसलिनचा हात फिरव. ते पाणी आत मात्र जाऊ देऊ नकोस. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा माळांचा बोर्ड कुणीतरी हमखास इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडतं. त्या पाच दिवसांत तेवढं लक्ष ठेव.

तुमचं वायरिंग पुन्हा होतंय ही चांगली वेळ आहे. इन्व्हर्टरची फेजची वायर प्रत्येक खोलीपर्यंत वेगळी ओढून घे, आणि न्यूट्रल त्याच लाइनची त्याच लाइनला. न्यूट्रलची सरमिसळ झाली की ईएलसीबी, म्हणजे वीजगळती झाली की लाइन तोडणारी कळ, वारंवार पडते, मग वायरिंगवाला ती काढूनच टाकतो आणि घर उघडं पडतं. अर्थिंगचा खड्डा मी आल्याशिवाय बुजवू नका. आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात वीज जिरवत नाही. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायचं, हे तुझ्या आजीला मी शिकवलं होतं आणि तिने शेवटपर्यंत ते चुकवलं नाही.

आता जनरेटर. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

२००७ चा जुलै. आंब्याची फांदी लघुदाबाच्या तारांवर पडली होती. आम्ही डीपीतले फ्यूज काढले आणि माझा जोडीदार खांबावर चढला. तारा मेलेल्या होत्या, मी स्वतः तपासल्या होत्या. तो फांदी सोडवत असताना वाडीतल्या एका घरात कुणीतरी जनरेटर सुरू केला. चेंजओव्हर नव्हता. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर, एक पिन जनरेटरला आणि दुसरी पडवीतल्या सॉकेटात. मेन स्विच चालूच. जनरेटरची वीज घरभर फिरली आणि मीटरमधून बाहेर येऊन खांबावरच्या तारेत गेली. जोडीदार पट्ट्याला लोंबकळत राहिला. मी ओरडत त्या घराकडे धावलो तेव्हा तिथे दिवे लागल्याचा आनंद चालला होता. तो वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. तारांवर शॉर्टिंगची साखळी टाकायची ती आम्ही पावसाच्या घाईत टाकली नव्हती, तो दोष आमचा. पण ती वायर त्या सॉकेटात नसती तर साखळीवाचूनही काही झालं नसतं.

डीपीतले फ्यूज जागेवर असते तर याहून वाईट झालं असतं. डीपी ११,००० व्होल्ट उतरवून घरापुरते करते. तीच डीपी उलट्या बाजूने वीज आली की व्होल्ट चढवते. घरच्या जनरेटरचे २३० पलीकडच्या तारांवर हजारोंत जातात, आणि दोन किलोमीटरवर एखादा पोरगा परमिट घेऊन निर्धास्त चढलेला असतो.

म्हणून जनरेटर आणशील त्याच दिवशी चेंजओव्हर स्विच बसला पाहिजे, उद्यावर ढकलायचं नाही. एकीकडे लाइट, एकीकडे जनरेटर, मधे ऑफ; फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. परवाना असलेल्या वायरिंग कंत्राटदाराकडूनच बसवून घे. आणि ती दोन पिनांची वायर कुणाच्याही घरात दिसली तर तिथल्या तिथे कापून टाक. वाईटपणा माझ्या नावावर घाल.

दुसरी गोष्ट धुराची. आपल्याकडे मुसळधार पावसात जनरेटर भिजू नये म्हणून लोक तो पडवीत घेतात. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस झोपेतच जातो. दाजींची छाती आधीच नाजूक. घरापासून निदान २० फूट लांब, चारही बाजू मोकळ्या असलेलं पत्र्याचं छप्पर उभारायचं आणि धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला. पेट्रोल घालताना मशीन बंद करून गार होऊ द्यायचं. हे जमणार नसेल तर जनरेटर आणायचाच नाही.

दोन-तीन केव्हीएचा पेट्रोलचा जनरेटर तासाला एक ते दीड लिटर पितो. वादळानंतर रस्त्यावर झाडं पडलेली, पंपावर वीज नाही, मग रोजचं पेट्रोल कुठून आणणार? वर्षभर न वापरलेलं पेट्रोल टाकीत खराब होतं, कार्ब्युरेटर चिकटतो, आणि नेमकं वादळाच्या रात्री दोरी ओढून हात दुखतात. दर महिन्याला पंधरा मिनिटं दोन-तीन यंत्रं लावून चालवायचा, ऑइल बघायचं, वापर नसेल तेव्हा पेट्रोल काढून ठेवायचं. हे तू तुझ्या कामातून करशील असं मला वाटत नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. जनरेटरवर इन्व्हर्टर भरून घेऊ असंही मनात येईल. पण इन्व्हर्टरचा चार्जर बॅटरीत दहा-पंधरा अँपिअरच टाकतो, जनरेटर कितीही मोठा असला तरी. तीन तास पेट्रोल जाळून बॅटरी पावही भरत नाही धड, आणि साध्या जनरेटरची वीज काही इन्व्हर्टर घेतच नाहीत.

म्हणून माझं मत असं, की जनरेटर वाडीत मिळून एक असावा. निसर्गनंतर एका वाडीत मी हे पाहिलं आहे. एका घरचा जनरेटर संध्याकाळी दोन तास चालायचा. आधी विहिरीवरचा पंप, सगळ्यांच्या कळशा भरून होईपर्यंत; मग मोबाइल, एका लांब पट्टीवर तीस-चाळीस. पेट्रोलचे पैसे घरटी. १ एचपीच्या पंपाला तीन केव्हीएच्या खाली जाऊ नका, पाच असेल तर निवांत. तुमच्या वाडीत अकरा घरं आहेत. शिमग्याला सगळे जमतील तेव्हा तू हा विषय काढ, मी पाठिंब्याला आहे.

छपरावर सोलर बसवायचं दाजींच्या मनात आहे, २०२४ ची सूर्यघर योजना त्यांनी वाचली आहे. बसवा, बिल उतरेल. पण त्यांना एक सांग, लाइट गेली की ते पॅनेलही बंद पडतं, भर उन्हात. त्याचं यंत्र मुद्दाम तसं केलेलं असतं, छपरावरची वीज खांबावरच्या माणसापर्यंत जाऊ नये म्हणून. लाइट नसतानाही चालायला हवं असेल तर हायब्रिड यंत्र आणि बॅटरी घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा. विकायला येणारा हे आपणहून सांगत नाही.

दाजींना पुढेमागे ऑक्सिजनचं मशीन लागलं, तर हे सगळं गणित बदलेल. पाच लिटरचं मशीन साडेतीनशे वॅट सलग घेतं. तुझी बॅटरी त्याला तीन तास पुरेल, तेही बाकी सगळं बंद ठेवून. तेव्हा पहिला भरवसा भरलेल्या सिलिंडरचा, इन्व्हर्टर त्याच्यामागून. मला त्याच दिवशी फोन कर, रात्र असली तरी.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सकाळच्या एसटीने येतो. हायड्रोमीटर माझ्याकडे आहे. तोवर कालनिर्णयाचं पान भरलेलं असू दे, आणि पडवीत बॅटरीची जागा खडूने आखून ठेव. तिथपासून मीटरपर्यंतचं अंतर फुटात मोजून ठेवलंस तर वायर येतानाच घेऊन येईन.